आमच्या व्याह्यांचं उभं पाणी

पाण्याला कामाला लावणारी माणसं आपल्याकडं काही कमी नाहीत. कुणी त्याला उसात सोडतं, कुणी बाटलीत भरतं, कुणी टँकरमध्ये घालून गावोगाव हिंडवतं. पाण्याला नुसतं उभं राहायला लावणारा माणूस मात्र सगळ्या बीड जिल्ह्यात एकच झाला असेल, आणि तो नेमका माझ्या मुलीचा सासरा निघाला. आमच्या व्याह्यांचं म्हणणं असं, की पाणी दोन जातीचं असतं. एक चालतं पाणी, एक उभं पाणी. चालतं पाणी पिण्या-धुण्याचं. ते येतं, जातं, त्याचं विशेष काही नाही. उभं पाणी आगीचं. ते भरून ठेवायचं, झाकून ठेवायचं, रोज जाऊन बघून यायचं आणि त्याला हात लावायचा नाही. “सरहद्दीवर फौज असती का न्हाई? ती काय रोज लढती का?” असं ते विचारायचे. मी तेव्हा पंचेचाळिशीची, अंगानं भरलेली आणि डोक्यानं बरीचशी रिकामी बाई होते. मला ती फौज म्हणजे बसून जेवणाऱ्यांची पंगत वाटायची.

व्याही मूळचे तलवाड्याकडचे. त्या बाजूला एक सहकारी सूतगिरणी निघाली होती. निघाली म्हणजे भागभांडवल गोळा झालं, भूमिपूजन झालं, भाषणं झाली, शेड उभी राहिली, आणि मग ती जी थांबली ती थांबलीच. कापसाचं एक बोंडसुद्धा कधी आत गेलं नाही. पण सूत निघायच्या आधी आग विझवायची सोय तयार पाहिजे असा नियम असल्यामुळं ती सोय मात्र अगदी साग्रसंगीत झाली. जमिनीत मोठी टाकी, भिंतींवरून फिरवलेला लाल नळ, पंप, वीज गेली तर डिझेलचं इंजिन, आणि या सगळ्यावर नेमलेले आमचे व्याही. त्यांनी सगळी नोकरी तिथंच काढली. दर शनिवारी खाकी सदरा घालून ते पंप सुरू करायचे. पाणी टाकीतून निघायचं, रिकाम्या शेडभोवती लाल नळातून एक चक्कर मारायचं आणि पुन्हा टाकीत येऊन उभं राहायचं. थेंब सांडायचा नाही. गावातली माणसं लग्नकार्यासाठी पाणी मागायला यायची. “गिरणी पेटली म्हंजे?” व्याही विचारायचे. “अवो, पेटायला आत हाय काय?” माणसं म्हणायची. “आज न्हाई. उद्या कापूस आला म्हंजे?” कापूस आला नाही, व्याह्यांची निवृत्ती आली. निरोपाच्या समारंभात अध्यक्षांनी सांगितलं, की यांच्या कारकिर्दीत गिरणीत एकदाही आग लागली नाही. मांडवातली माणसं हसली. व्याह्यांनी मान लववून तो गौरव स्वीकारला, आणि आठवण म्हणून मिळालेली पाण्याच्या पाइपाची पितळी तोटी घरी आणून चिंचेनं घासून काचेच्या कपाटात ठेवली.

आमची त्यांची गाठ पडली ती बीडला, आमच्या इमारतीत. ही सात मजल्यांची इमारत सहकारी गृहनिर्माण संस्थेची. सभासद बहुतेक सगळे सहकारातले: कुणी दूध संघात, कुणी जिल्ह्याच्या बँकेत, आमचे हे माजलगावकडच्या एका साखर कारखान्यात. त्यामुळं जिन्यात झाडू कुणी मारायचा यावरसुद्धा आमच्याकडं ठराव होई, त्याला सूचक लागे, अनुमोदक लागे. मी सहाव्या मजल्यावर राहायला आले तेव्हा गावाकडच्या बायकांना मुद्दाम बोलावून गॅलरीतून खाली बघायला लावत असे. त्यांना चक्कर आली की मला समाधान वाटे. पुढं बाईनं अध्यक्ष व्हावं अशी टूम निघाली आणि दुसरी कुणी तयार नव्हती म्हणून मी झाले. मी दारावर पितळी पाटी लावली, ‘चेअरमन’. पाटीवर नाव घालायचं राहिलं ते माझ्या लक्षातही आलं नाही. पोस्टमन बरेच दिवस ते आमच्या ह्यांचं आडनाव समजत होता.

व्याह्यांनी मात्र तळमजल्यावरचं, कुणालाच नको असलेलं घर मागून घेतलं. तिथं डास होते, अंधार होता आणि एक भिंत पंपाच्या खोलीला लागून होती. भिंतीसाठीच त्यांनी ते घेतलं. झोपेतसुद्धा त्यांचा एक कान त्या भिंतीला असे. त्या खोलीत एक लहान पंप होता. लाल नळातला दाब जरा उतरला की तो आपोआप घरघरे आणि दाब पुरा झाला की गप्प होई. तो घरघरला की व्याही उठून बसत, गप्प झाला की आडवे होत. “दुसऱ्या बायांच्या सवती गावात ऱ्हातेत,” आमची विहीण मला म्हणायची, “माझी भिंतीपल्याड ऱ्हाती. रात्री कण्हली की हे उठतेत.” त्यांना संस्थेचं सेक्रेटरी करायला ठराव लागला नाही. पंपाच्या खोलीची किल्ली त्यांच्या जानव्याला दिसली तेव्हाच सगळे समजले.

आपल्या मुलासाठी आमची मुलगी बघायला ते आमच्याकडं वर आले तो प्रसंग मला अजून जसाच्या तसा दिसतो. मी मुलीकडून आठवडाभर घोकून घेतलं होतं: पोहे मीच केले म्हणायचं, विणकाम येतं म्हणायचं, खाली बघून बोलायचं. व्याही लिफ्टनं न येता जिन्यानं आले, आणि प्रत्येक मजल्यावरच्या लाल नळाचं चाक बघत बघत आले, त्यामुळं पोहे गार झाले. आल्यावर त्यांनी पोह्यांना हात लावला नाही. मुलीला एकच प्रश्न विचारला. “घरात आग लागली तर आधी काय करशील, बाळ?” मी डोळ्यांनी खुणावत होते, देवाचं नाव घे, मोठ्या माणसांना हाक मारीन म्हण. मुलगी खाली न बघता म्हणाली, “गॅस बंद करीन, आजीला धरीन आणि जिन्यानं उतरीन.” “लिफ्टनं कावून न्हाई?” “वीज गेली तर अडकू.” व्याह्यांनी बायकोकडं पाहिलं आणि पोह्यांची बशी उचलली. लग्न ठरलं. अशा रीतीनं माझ्या मुलीचं माहेर सहाव्या मजल्यावर आणि सासर तळमजल्यावर झालं. भांडून माहेरी निघून यायचं म्हटलं तरी लिफ्टची वाट पाहावी लागे, तेवढ्यात राग उतरे.

त्यांच्या सवयींनी माणूस जेरीला येई. कुणाच्याही घरी गेले की आधी दोनदा वास घेत. लग्नाच्या मांडवात दाराजवळची खुर्ची धरत आणि आचाऱ्याला सिलिंडर कुठं ठेवलाय ते विचारून येत. मुलीकडच्यांना वाटे, यांना जेवणात काही खोट काढायचीय. समई तेवत असेल तर खोलीतून हलत नसत, त्यामुळं एका सत्यनारायणाला सगळे जेवून उठले तरी हे देवापुढंच बसलेले, आणि लोक म्हणाले, केवढी श्रद्धा. दिवाळीला इमारतीतल्या मुलांनी फटाके काढले की हे वाळूची बादली घेऊन शेजारी उभे. मुलांनी त्यांना आग्रह करून एकदा फुलबाजी हातात दिली, तर ती त्यांनी आधी वाळूत खोचली आणि मग पेटवली.

माझ्या सासूबाईंशी त्यांचं जमायला वेळ लागला. सासूबाई खेड्यातून आलेल्या. जिन्याच्या वळणावर लाल रंग दिलेलं काहीतरी भिंतीला चिकटलेलं दिसलं, त्यांनी हात जोडले. दुसऱ्या दिवसापासून हळदकुंकू सुरू झालं, शनिवारी तेल. व्याही वर धावत आले. “आत्याबाई, कुंकू लावा, फूल वाहा, पर तेल नका घालू. आतलं रबर खराब व्हतंय.” सासूबाई म्हणाल्या, “इवाई, देवाला तेल न्हाई घालायचं तर काय तुमच्या टाळूला घालू?” शेवटी तडजोड झाली. सासूबाईंनी तेल नळाखाली जमिनीवर घालायचं आणि व्याह्यांनी ते पुसायचं. कुंकवाला मात्र त्यांनी हरकत घेतली नाही. “रोज कुणीतरी बघून जातंय ना त्याच्याकडं,” ते म्हणाले, “मग झालं.”

मग तो दुष्काळ आला. बिंदुसरेच्या धरणात पाली गावची गुरं चरायला लागली. माजलगावच्या धरणाचं पाणी तळाला गेलं, ह्यांच्या कारखान्यानं गाळप लवकर आटोपलं. नळाला पाणी कधी येईल ते सांगता येईना. आमच्या इमारतीला टँकर यायचा, आणि तो आला की व्याह्यांचं उभं पाणी सगळ्यांच्या डोळ्यांवर यायचं. कारण इमारत बांधतानाच तशी रचना केलेली होती. टँकरचं पाणी आधी आगीच्या टाकीत पडायचं. ती काठोकाठ भरली, की वरच्या भोकातून सांडून शेजारच्या वापरायच्या टाकीत जायचं. आगीच्या टाकीतून पाणी बाहेर पडायला लाल नळाखेरीज वाटच नव्हती. आम्ही बायका वापरायच्या टाकीच्या तोटीवर घागरी लावून रांगेत उभ्या, आणि शेजारी पायाखाली, सिमेंटच्या झाकणाखाली, तळं भरून पाणी. झाकणावर पाय आपटला की आवाज भरीव यायचा. मी मुद्दाम आपटायची. पाचव्या मजल्यावरचे मोसंबीवाले चाचा, ज्यांच्या मोसंबीच्या बागा त्या उन्हाळ्यात उभ्या वाळत होत्या, ते एकदा रांगेतून म्हणाले, “सेक्रेटरीसाब, आग लगेगी तब लगेगी, प्यास तो लगी सो लगी.” व्याही म्हणाले, “चाचा, तुमचं खरं हाय. पर आग सांगून येत न्हाई आन् तहान रोज सांगून येती.” चाचा म्हणाले, “म्हणूनच तर तिचं ऐकावं लागतं, साहेब.” व्याह्यांनी चाचांची घागर उचलून लिफ्टपर्यंत नेऊन दिली.

त्यातच माझी मुलगी बाळंतपणाला तळमजल्यावरून सहाव्या मजल्यावर आली. मुलगी झाली. व्याह्यांना पहिली नात, मला पहिली नात. आता बाळंतिणीला आणि बाळाला रोज तेल लावून कढत पाण्यानं न्हाऊ घालायचं, शेकशेगडी करायची, ही आपली रीत. आणि मी तर अध्यक्ष, माझ्याकडं काही कमी पडता कामा नये. व्याही रोज सकाळी आपल्या वाटणीच्या पाण्यातली एक घागर स्वतः खांद्यावर घेऊन जिन्यानं वर आणायचे आणि उंबऱ्याशी ठेवून जायचे. आमची विहीण म्हणाली, “हे आजकाल ओल्या फडक्यानं अंग पुसतेत.” मला ते कळून वाईट वाटायला हवं होतं. मला राग आला. तळं भरून पाणी खाली, आणि माझ्या नातीला घागरीनं मोजून. आणि शेगडीपाशी येऊन ते निखारे मोजायचे ते वेगळंच.

एका दुपारी टँकर आला नाही. वीज गेलेली. न्हाऊ घालणाऱ्या बाईनं नातीला तेल लावून पायावर घेतलेलं आणि बंबात पाणी नाही. सकाळची घागर बाळंतिणीलाच लागली होती. बाई म्हणाली, “लेकरू तेलात हाय, पानी आना की.” नात रडून लाल झाली. मी उठले, मोठी घागर घेतली आणि जिन्यातल्या लाल नळापाशी गेले. माझा हिशेब सरळ होता. नळाला चाक आहे. चाक थोडं फिरवलं की थोडं पाणी येईल. शेतातल्या मोटारीच्या नळाला येतं तसंच. एक घागर, आणि पुन्हा बंद. व्याह्यांना कळायचंही नाही. मी त्यावरचं कुंकू पदरानं पुसलं, मनात नमस्कारही केला. चाक घट्ट होतं, फिरेना. मी त्याला लोंबकळले. मग ते फिरलं.

पाणी आलं असं मी म्हणणार नाही, पाणी सुटलं. पहिल्या धक्क्यालाच घागर माझ्या हातून निघाली आणि जिन्यावर आपटत आपटत पाचव्या मजल्यावर गेली. दुसऱ्या धक्क्यानं मी भिंतीला लागले. नाकातोंडात पाणी, अंबाडा सुटलेला, चष्मा कुठं गेला ते माहीत नाही. चाक बंद करावं तर समोरून हत्तीनं सोंडेनं ढकलावं तसं पाणी ढकलतंय. आणि खाली व्याह्यांनी बसवून घेतलेली बॅटरीवरची घंटा सुरू झाली, वीज नसल्यामुळं डिझेलचं इंजिन आपोआप धडधडायला लागलं, आणि सगळी इमारत “आग, आग” करत दारं उघडायला लागली.

व्याही जिन्यानं धावत वर आले. साठी उलटलेला माणूस, खाकी सदरा, डोक्यावर पिवळं शिरस्त्राण. मला वाटलं, आता माझी काही धडगत नाही. पण त्यांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. माझ्यासमोरून, पाण्यातून, ते थेट घरात शिरले. न्हाऊ घालणाऱ्या बाईच्या पायावरून तेलानं माखलेली नात उचलली, ओल्या टॉवेलात गुंडाळून छातीशी धरली आणि म्हणाले, “सूनबाई, चल. जिन्यानं. आत्याबाई, उठा.” सासूबाई म्हणाल्या, “माझा जप व्हायचाय.” व्याही म्हणाले, “खाली करा,” आणि निघालेच. मुलगी त्यांच्यामागं. सगळे मजले उतरून त्यांनी नात आमच्या विहिणीच्या ओटीत घातली आणि मग ती पितळी तोटी आणि पाइपाचं भेंडोळं घेऊन, धापा टाकत, पुन्हा सहावा मजला चढले. तोवर चाचांनी वर येऊन चाक बंद केलं होतं. “भाभी,” ते म्हणाले, “ही तुमची घागर. आमच्या दारात आली होती.”

“आग कुठंय?” व्याह्यांनी विचारलं.

“आग नाही,” मी म्हणाले. “पाणी पाहिजे होतं.”

व्याही पायरीवर बसले. खालून वर, वरून खाली, सगळ्या मजल्यांवरची माणसं जिन्यात उभी. कुणीतरी विचारलं, काय झालं. व्याह्यांनी श्वास घेतला आणि म्हणाले, “काय न्हाई. चाचणी व्हती. चेअरमनबाईंना मीच सांगितलं व्हतं.” तेवढ्यात आमच्या दारातून जपमाळेसकट सासूबाई म्हणाल्या, “कशाची चाचणी? हिनं घागर लावली व्हती.” लोक हसत पांगले, बायका मात्र पांगल्या नाहीत, त्या जिन्यावरून वाहणारं पाणी फडक्यांनी टिपून बादल्यांत पिळत होत्या. मी निथळत उभी. आता हे बोलतील, आता बोलतील, असं मला वाटत होतं. व्याह्यांनी शिरस्त्राण काढून गुडघ्यावर ठेवलं आणि हळूच विचारलं, “विहीणबाई, दाब कसा व्हता?”

“म्हणजे?”

“जोरात आलं का बारीक?”

मी माझ्या साडीकडं, केसांकडं आणि पोचा आलेल्या घागरीकडं बोट दाखवलं. त्यांनी तिन्हींकडं नीट बघून घेतलं. “इंजिनावर,” ते स्वतःशीच म्हणाले, “सहाव्या मजल्याला.” त्यांच्या नोकरीत, आणि नंतरही, त्यांचं पाणी कधी नळाबाहेर पडलेलं नव्हतं. ते कसं पडतं हे सांगणारी पहिली व्यक्ती मी.

पण टाकी वीतभर खाली गेली. दुसऱ्या दिवशी टँकर आला तो सगळा ती वीतभर भरण्यातच गेला, आणि वापरायच्या टाकीत एक थेंब सांडला नाही. तेव्हा मात्र लोकांचा संयम सुटला. दूध संघातल्यांनी सूचना मांडली, बँकेतल्यांनी अनुमोदन दिलं, आणि खाली गाड्या लावायच्या जागेत विशेष सर्वसाधारण सभा भरली. विषय एकच: आगीची टाकी उघडून पाणी सभासदांना वाटणे. अध्यक्षस्थानी मी. मी घरून ठरवूनच आले होते, की हा ठराव मंजूर व्हायला पाहिजे. नातीला पाणी हवं होतं, आणि खरं सांगायचं तर जिन्यात झालेली शोभा टाकी उघडूनच भरून निघेल असं मला वाटत होतं. चाचा शांतपणे बोलले. म्हणाले, “माझं लहान पोरगं तापानं फणफणलंय, त्याच्या कपाळावर ठेवायची पट्टी मी वापरलेल्या पाण्यात भिजवतो. सेक्रेटरीसाब भले माणूस आहेत. पण आम्ही आज जळतोय.” कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. टाळ्या वाजवण्यासारखं ते नव्हतंच.

मग व्याही उठले. “मी गिरणीत पाणी राखलं,” ते म्हणाले. “लोक हसले. मीबी हसलो असतो, आत जळण्यासारखं कायबी नव्हतं. हितं हाय. चाचांचं पोरगं हाय, तुमची लेकरं हायत, माझी नात हाय. गावचा आगीचा बंब खेड्यापाड्याला पाणी पोचवत फिरतोय, आन् आला तरी त्याची शिडी आपल्या वरच्या मजल्यांना पुरत न्हाई. वर पोचंल असं पाणी हे एवढंच. आता तुमी ठराव करा. मी सहकारातला माणूस हाय. ठराव झाला तर झाकण म्याच उघडून दीन. फक्त मग सूनबाईला आन् नातीला मी खाली माझ्याकडं घेऊन जाणार. विहीणबाई, तेवढं मी इचारणार न्हाई.” आणि ते बसले.

हात वर झाले, मोजले, तर दोन्हीकडं सारखे. आमच्या पोटनियमांत अशा वेळी अध्यक्षाला निर्णायक मत असतं. ते मला तिथंच, सगळ्या माना माझ्याकडं वळल्यावर समजलं. पोटनियम वाचायचे असतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी व्याह्यांकडं पाहिलं. खाकी सदरा तोच होता, त्या दुपारचा. छातीवर तेलाचा मोठा गोल डाग, नातीच्या डोक्याएवढा. धुवायला पाणी नव्हतं. मी म्हणाले, “टाकी राहू द्या.” म्हणाले ते इतक्या बारीक आवाजात, की इतिवृत्त लिहिणाऱ्यानं दोनदा विचारलं.

त्यानंतरचे दिवस चांगले गेले नाहीत. व्याह्याच्या भिडेनं मत दिलं असं निम्मी इमारत म्हणाली, नात खाली जाऊ नये म्हणून दिलं असं उरलेली. मी दोघांनाही दुरुस्त करायला गेले नाही. दोन-तीन घरांना कुलपं लागली, माणसं पुण्याला नातेवाइकांकडं गेली. व्याह्यांनी आपली वाटणी आणखी कमी केली आणि आता दोन घागरी वर यायला लागल्या, एक सहाव्या मजल्याला, एक पाचव्याला. बारशाला बायका आल्या, पण प्रत्येकीच्या हातात स्वतःच्या पिण्याच्या पाण्याची बाटली. आमच्या घरचं पाणी कुणी प्यायलं नाही. कुणाला ते टोमण्यासारखं वाटलं असतं. मला बरं वाटलं, पाणी वाचलं. पुढच्या निवडणुकीत मी पडले आणि पाटी काढली. पोस्टमननं हळहळून विचारलं, साहेब कुठं गेले.

आणि आग लागली नाही. त्या उन्हाळ्यात नाही, नंतरही नाही. चाचांचं पोरगं बरं झालं. पाऊस उशिरा आला, पण आला, नळाला पाणी आलं. पाणी बारमाही झाल्यावर व्याह्यांनी टाकी धुवायला काढली. उभं पाणी किती दिवस जुनं झालंय, गाळ काढलाच पाहिजे, म्हणाले. सकाळी जिन्यात फिरून त्यांनी सगळ्यांना सांगितलं, “आज टाकी उपसतोय. कुणाला न्यायचं तर न्या.” आता ते कुणाला हवं होतं? एकटे चाचा बादली घेऊन खाली आले. त्यांनी ती भरली, गेटाजवळ लावलेल्या मोसंबीच्या रोपाला घातली आणि व्याह्यांना हात जोडून वर गेले.

टाकी उपसायच्या आधी व्याही मात्र आमच्याकडं आले. नात माझ्या मांडीवर झोपलेली. “टाकी रिकामी असंस्तोवर हिला वर ठेवायची न्हाई,” ते म्हणाले, आणि दुपट्यासकट घेऊन गेले. दिवसभर टाकी घासली गेली. दुपारनंतर नळाचं पाणी तिच्यात सोडलं. मी नातीला आणायला खाली गेले तर व्याही सिमेंटच्या झाकणाशेजारी खुर्ची टाकून बसलेले, नात त्यांच्या छातीवर पालथी झोपलेली. आत पाणी पडत होतं, रिकाम्या टाकीत घुमत होतं. मी म्हणाले, “द्या आता, संध्याकाळ झाली.” ते म्हणाले, “थांबा, विहीणबाई. अजून भरायचीय.”

व्याह्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. आमची विहीण म्हणते, भिंतीपल्याड घरघर झाली की तिला अजून जाग येते, आणि शेजारी कुणी उठत नाही म्हणून मग झोप लागत नाही. टाकी भरत होती त्या संध्याकाळी मी पुन्हा वर जायला निघाले, लिफ्टपर्यंत गेलेसुद्धा. मग परत आले, एक विटेचा तुकडा पदरानं झाडला आणि त्यावर त्यांच्या शेजारी बसले. खालचा आवाज हळूहळू भरीव होत गेला.